‘लूट’ : इंग्रजींत गेलेलें एक क्रियापद



दुसऱ्याचें धन बळानें हिरावून नेण्याच्या क्रियेला इंग्रजी भाषेंत अनेक शब्द आहेत. ते एके ठिकाणीं मांडून पाहिले, तर त्यांत इंग्लंडच्या युद्धांचा इतिहासच क्रमवार लिहिलेला आढळतो. ‘रॅन्सॅक’ हा शब्द उत्तरेकडील समुद्रचर नॉर्स लोकांचा. त्याचा मूळ अर्थ घराचा झाडा घेणें. ‘पिलेज’ हा फ्रेंचांचा. चौदाव्या शतकांत इंग्लंड व फ्रान्स यांचें दीर्घ युद्ध चाललें असतांना तो इंग्रजींत रुळला. ‘प्लंडर’ हा जर्मनांचा. त्याचा संबंध मुळांत घरांतील कपडेलत्ते, अंथरूण-पांघरूण अशा किडुकमिडुक चीजवस्तूंशीं. १६१८ ते १६४८ पर्यंत जर्मनींत तीस वर्षांचें युद्ध झालें. त्या युद्धाबरोबर तो इंग्लंडांत पोंचला, आणि १६४२ सालीं तेथें राजा व पार्लमेंट यांची यादवी सुरू झाली तेव्हां घरोघर ऐकूं येऊं लागला. या पंक्तींत अखेरीस येऊन बसलेला चौथा शब्द ‘लूट’. हा मात्र आपल्या देशाचा.

आजच्या भाषणांत या चौथ्या शब्दाचा अर्थ, त्याचा उपयोग आणि त्याची उत्पत्ति यांचा विचार करावयाचा आहे. एकादा शब्द परभाषेंत जातो तेव्हां तो आपला सगळा संसार बरोबर नेत नाहीं. ज्या प्रसंगीं तो उचलला गेला, त्या प्रसंगापुरता अर्थ तेवढा नेतो. म्हणून परक्यानें आपला कोणता शब्द घेतला यापेक्षां तो कोठें घेतला आणि कोणासाठीं वापरला, हें पाहणें अधिक उद्बोधक असतें.

प्रथम उत्पत्ति पाहूं. संस्कृतांत ‘लुण्ट्’ किंवा ‘लुण्ठ्’ असा धातु आहे. त्याचा अर्थ बळानें हरण करणें. लुण्ठन, लुण्ठक हे शब्द त्यापासून झाले. कांहीं विद्वान् ‘लूट’ या शब्दाचें नातें ‘लुप्’ धातूपासून झालेल्या ‘लोप्त्र’, म्हणजे चोरीचा माल, या शब्दाशीं जोडतात. कोणतीहि व्युत्पत्ति घेतली तरी हिंदी, मराठी, गुजराथी या सर्व भगिनी-भाषांत तो शब्द फार दिवसांचा घरचा आहे. आपण ‘लुटणें’ हें क्रियापद करतों, ‘लूट’ हें स्त्रीलिंगी नाम करतों, आणि ‘लुटारू’, ‘लुटालूट’ अशीं त्याचीं लेंकरेंहि आपल्या घरांत वावरतात. इंग्रजांनीं प्रथम नाम घेतलें. क्रियापद मागाहून, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, रूढ झालें. आपला दीर्घ ऊकार दाखविण्यासाठीं त्यांनीं दोन ‘ओ’ लिहिले आणि पुढें भूतकाळाचें ‘लूटेड’, चालू क्रियेचें ‘लूटिंग’ व कर्त्याचें ‘लूटर’ हीं रूपें आपल्या व्याकरणाच्या सरळ नियमानें सिद्ध केलीं. परदेशी मुलानें नव्या शाळेचा गणवेष घालावा तसा हा प्रकार झाला.

उपयोगाच्या बाबतींत मात्र दोन भाषांत एक बारीक भेद पडला आहे. वाटसरूला चोरांनीं गांठलें, तर आपण ‘वाटसरू लुटला’ असें म्हणतों. इंग्रजींत अशा ठिकाणीं सामान्यतः ‘रॉब’ हें क्रियापद येतें. गुपचूप नेलें तर ‘स्टील’. ‘लूट’ या क्रियापदाचें कर्म बहुधा स्थळ किंवा माल असतो: शहर, राजवाडा, दुकान, कोठार. आणि प्रसंग असा असावा लागतो कीं, त्या ठिकाणची राखण नाहींशी झाली आहे. युद्ध चाललें आहे, दंगल उसळली आहे, किंवा महापुरानें वस्ती ओस पडली आहे. थोडक्यांत, ‘रॉब’ करणारा कायदा मोडतो. ‘लूट’ करणारा कायदा आधींच मोडून पडलेला असतांना येतो. हा अर्थ कोठून आला? तो छावणींतून आला.

या शब्दाची इंग्रजींतील एक जुनी नोंद १७८८ सालची आहे. त्या वर्षीं लंडनच्या जॉन स्टॉकडेल या प्रकाशकानें हिंदी राज्यकारभारांतील शब्दांचा एक लहान कोश काढला. त्याला निमित्त होतें वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरील खटल्याचें. बंगालचा हा पहिला गव्हर्नर जनरल पार्लमेंटपुढें आरोपी म्हणून उभा होता आणि त्याच्यावरील आरोपांत येथील राजघराण्यांपासून धन उकळल्याचे आरोप होते. ‘बेगम’, ‘जमीनदार’, ‘दिवाण’ असे शब्द रोज कानांवर पडत; ते समजावेत म्हणून या कोशाचा खटाटोप. त्यांत ‘लूट’ हा शब्दहि अर्थासह दिला आहे. खटला सात वर्षें चालून १७९५ सालीं आरोपी निर्दोषी सुटला. शब्द मात्र इंग्लंडांत राहून गेला. पुढें १८०२ सालीं चार्ल्स जेम्स यानें लंडनांत प्रसिद्ध केलेल्या लष्करी कोशांत तो पुन्हां दिसतो. तेथें तो हिंदुस्थानांतील शब्द म्हणून नोंदला आहे. म्हणजे तोंवर तो पाहुणाच होता, घरचा झाला नव्हता.

तें १८०२ साल महाराष्ट्राच्या इतिहासांत कसें गेलें, हें निराळें सांगावयास नको. चार वर्षें आधीं, १७९८ मध्यें, दौलतराव शिंद्यांच्या पदरच्या सर्जेराव घाटग्यानें पुण्यांतील सावकारांना व गृहस्थांना छळून पैसा काढला होता. १८०२ च्या आक्टोबरांत हडपसरापाशीं यशवंतराव होळकरांनीं पेशव्यांचा मोड केला आणि पुन्हां पुणें नागवलें गेलें. वर्षअखेर, ३१ डिसेंबर रोजीं, दुसऱ्या बाजीरावानें वसईस इंग्रजांशीं तह केला व तैनाती फौज पदरांत घेतली. या फौजेचें ठाणें पडलें शिरूर येथें, घोड नदीच्या कांठीं.

आतां पुण्याहून अहमदनगराकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगराकडे, जाणारा रस्ता डोळ्यांपुढें आणा. भीमेवरचें कोरेगांव ओलांडलें कीं वेळ नदीच्या कांठचें शिक्रापूर लागतें, आणि तेथून पुढें शिरूर. एका टोंकाला पेशव्यांची राजधानी, दुसऱ्या टोंकाला कंपनीची छावणी. शिक्रापूर बरोबर मधल्या वाटेवर. १८०३ ते १८१८ या पंधरा वर्षांत या टापूंत फौजांची, बाजारबुणग्यांची, बैलांच्या तांड्यांची व जासुदांची जी ये-जा झाली, तिनें या गांवांनीं काय काय पाहिलें असेल! १८१७ च्या डिसेंबरच्या शेवटच्या रात्रीं शिरूरहून पुण्याकडे निघालेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी रात्रभर चालून दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोरेगांवापाशीं पोंचली, ती याच टापूंतून. त्या लढाईचा, आणि तींत लढलेल्या महार शिपायांच्या स्मृतीस वंदन करण्यासाठीं १९२७ च्या जानेवारींत डॉ. आंबेडकर तेथें आले त्याचा इतिहास स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. आपल्याला येथें एवढेंच पाहावयाचें आहे कीं, अशा छावण्यांत गोरा अंमलदार आणि हिंदी शिपाई यांचें बोलणें हिंदुस्तानींत चाले, आणि ‘लूट’ हा शब्द कोशांतून शिकण्याची साहेबाला गरज नव्हती. तो रोजच्या हुकुमांत होता, तक्रारींत होता, वार्तेंत होता.

परंतु हा शब्द साहेब कोणाविषयीं वापरीत असे? मुख्यतः इतरांविषयीं. पेंढारी करीत ती लूट. होळकरांचे स्वार करीत ती लूट. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं, खडकीची लढाई झाली त्याच दिवशीं, पेशव्यांच्या लोकांनीं संगमावरची रेसिडेन्सी लुटून जाळली. रेसिडेंट एल्फिन्स्टन याचे ग्रंथ व कागदपत्र तींत गेले. ही लूटच होती, याविषयीं कोणाचा वाद नाहीं. पण कंपनीच्या फौजेनें जिंकलेल्या शहरांतून व किल्ल्यांतून जें धन घेतलें, त्याला इंग्रजींत दुसरें नांव होतें. तें नांव ‘प्राइझ’. हा शब्द फ्रेंच भाषेंतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ नुसता ‘घेतलेलें’ एवढाच आहे. घेतलेल्या मालाची यादी व्हावयाची, लिलाव व्हावयाचा, सेनापतीपासून शिपायापर्यंत दर्जाप्रमाणें वांटणी व्हावयाची. हिशेब लिहिला कीं लुटीची प्राइझ होते!

या दक्खनच्या प्राइझचें प्रकरण फार वर्षें चाललें. धन कोणाचें, असा प्रश्न निघाला. आणि ‘ज्यांचें घेतलें त्यांचें’ असें उत्तर कोणीहि दिलें नाहीं. वाद होता तो दक्खनच्या फौजेचा सेनापति सर टॉमस हिस्लॉप आणि उत्तरेकडील फौज घेऊन बसलेला गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्यामध्यें, कीं या वांटणींत कोणाच्या फौजेचा हिस्सा किती. शेवटीं तें काम विश्वस्तांच्या हातीं आलें. त्यांत एक होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हा तोच आर्थर वेलस्ली, ज्यानें १८०३ सालीं पुण्याहून फौज नेऊन अहमदनगरचा किल्ला घेतला होता. जो मुलूख त्यानें घोड्यावरून पाहिला होता, त्याच मुलुखाच्या धनाचे हिशेब तो आतां लंडनच्या कचेरींत बसून तपाशीत होता.

या दोन शब्दांमधील अंतर किती जीवघेणें असूं शकतें, हें एका खटल्यावरून दिसतें. नारो गोविंद औटी हा पेशव्यांच्या वतीनें रायगडचा किल्लेदार होता. १८१८ च्या मे महिन्यांत रायगड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. स्वाधीन होतांना ठरलेल्या कलमांचा फायदा औटीला मिळूं दिला नाहीं. मात्र पुण्यास आपल्या वाड्यांत, पहाऱ्याखालीं, राहण्याची परवानगी दिली. पुण्यांत त्या वेळीं लढाई नव्हती. शहर इंग्रजांच्या ताब्यांत येऊन कित्येक महिने झाले होते. असें असतां नव्या अंमलाच्या अधिकाऱ्यांनीं त्याची मालमत्ता जप्त केली. त्याच्या पश्चात् त्याच्या वतीनें मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत दावा झाला आणि त्या कोर्टानें तो मान्य केला. कंपनीच्या बाजूनें विलायतेंत प्रिव्हि कौन्सिलकडे अपील झालें. अपील करणारा होता एल्फिन्स्टन, ज्याची स्वतःची रेसिडेन्सी लुटली गेली होती तोच. १८३० सालीं निकाल लागला. त्याचें तात्पर्य असें कीं, जप्ती झाली तेव्हां युद्ध पुरतें संपलेलें नव्हतें. सबब ही शत्रूच्या मालाची जप्ती होय आणि अशा गोष्टीची चौकशी करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नाहीं. मुंबईचा निकाल रद्द झाला.

येथें कोणा एका व्यक्तीला दोष देण्याचा हेतु नाहीं. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं पुणें हातीं आलें तेव्हां शहराची सरसकट नासधूस होऊं नये म्हणून एल्फिन्स्टन यानें खटपट केली, हेंहि इतिहासानें नमूद केलें आहे. मुद्दा शब्दाचा आहे. घर एकच, पेटी एकच, दागिना तोच. पण तो उचलणाऱ्या हातानुसार त्या कृत्याचें नांव बदलतें, आणि नांव बदललें कीं न्यायालयाचा दरवाजा उघडतो किंवा मिटतो. शिक्रापूरच्या वाटेवर ज्याचें उभें पीक होतें, त्या कुणब्याला हा भेद कोणी समजावून सांगितला असता, तर त्याच्या पदरांत काय पडलें असतें?

हिंदुस्थानांत परक्यांच्या कृत्याला लावलेला हा शब्द पुढें इंग्रज शिपाई आपल्या स्वतःच्या कृत्याला लावूं लागला, आणि तेव्हां तो खराखुरा इंग्रजी झाला. यूल व बर्नेल यांनीं संकलित केलेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश १८८६ सालीं निघाला. त्यांत सांगितलें आहे कीं, १८४० च्या सुमाराचें चीनचें युद्ध, १८५४-५५ चें क्रिमियाचें युद्ध आणि १८५७-५८ चा हिंदुस्थानांतील उठाव, या तीन प्रसंगांत हा शब्द हळूहळू इंग्लंडांत मान्य झाला. दिल्ली पडल्यावर तेथें प्राइझचे अधिकारी नेमले गेले होते. पण शिपायाच्या तोंडीं शब्द राहिला तो ‘लूट’च. गंमत अशी कीं, अॅडमिरल स्मिथ याच्या १८६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या नाविक कोशांत हा शब्द चीनमधून घेतलेला आहे, असें सांगितलें आहे! हिंदुस्थानांतील फौजा चीनच्या किनाऱ्यावर गेल्या, त्यांच्याबरोबर शब्द गेला, आणि तेथून परत आलेल्या खलाशांच्या तोंडून तो ऐकणाऱ्यांना तो चिनी वाटला.

चीनचीच आणखी एक गोष्ट. १८६० च्या आक्टोबरांत इंग्रज व फ्रेंच फौजांनीं पेकिंगजवळचा बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि मग लॉर्ड एल्गिनच्या हुकुमानें तो जाळण्यांत आला. त्या राजवाड्यांतील एक चिमुकलें पेकिनीज कुत्रें कॅप्टन डन या अधिकाऱ्यानें विलायतेस नेऊन व्हिक्टोरिया राणीला अर्पण केलें. राणीच्या घरीं त्याचें नांव काय ठेवलें असेल? ‘लूटी’! १८६१ सालीं त्याचें तैलचित्रहि काढलें गेलें. जो शब्द एके काळीं पेंढाऱ्यांच्या वर्णनासाठीं राखून ठेवला होता, तो चाळीस-पन्नास वर्षांत राणीच्या गादीवर लाडकें नांव होऊन बसला. लाज गेली, थट्टा उरली. शब्दांच्या इतिहासांत असें फार थोड्या ठिकाणीं घडलें असेल.

हें सर्व ऐकून आपल्या मनाला एक प्रकारचें समाधान वाटण्याचा संभव आहे. म्हणून दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. शिवछत्रपतींच्या लष्करी शिस्तींत स्वारींत मिळालेला माल शिपायानें स्वतःपाशीं न ठेवतां सरकारांत जमा करावा असा नियम होता, हें सभासदाच्या बखरीवरून कळतें. म्हणजे लुटीला हिशेबाची शिस्त लावण्याची कल्पना आपल्याकडेहि होती, आणि तिला आपण ‘मुलुखगिरी’ असें भारदस्त नांव दिलें होतें. पुढें १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर उतरल्या. आपल्या भाषेंत ‘बारगीर’ म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. शब्दांत वाईट असें कांहींच नाहीं. पण बंगालींत त्याचा ‘बर्गी’ झाला आणि त्याचा अर्थ झाला लुटारू. बंगालमधील आया मुलांना निजवितांना ज्या नांवाची भीति घालीत आल्या, तें नांव हें. इंग्रजांनीं आपल्यापासून ‘लूट’ घेतला, बंगाल्यांनीं ‘बर्गी’ घेतला. दोन्ही ठिकाणीं शब्द घेणाऱ्यानें आपल्या अनुभवाचा अर्थ त्यांत भरला.

याच रघूजी भोसल्यांची एक तलवार २०२५ सालीं लंडनच्या लिलावांत निघाली. महाराष्ट्र शासनानें ती विकत घेतली आणि त्याच वर्षीं ती मुंबईस आली. १८१७ सालीं सीताबर्डीस भोसल्यांचा पराभव झाला, त्या उलथापालथींत ती गेली असावी असा तर्क केला जातो. ती लूट होती, प्राइझ होती, कीं नजराणा होता? शब्द कोणता वापरावा, हा प्रश्न तलवारीइतकाच धारदार आहे. जगांतील संग्रहालयांतून आज जे वाद चालले आहेत, त्यांपैकीं पुष्कळांचें मूळ याच तीन शब्दांत आहे.

आतां शेवटची गोष्ट. इंग्रजांनीं ‘लूट’ नेला, पण ‘लुटणें’ या क्रियापदाचे जे अर्थ छावणींत वापरले जात नव्हते, ते त्यांच्या हातीं लागलेच नाहींत. दसऱ्याला आपण सोनें लुटतों. आपट्याचीं पानें आणून एकमेकांना देतों. फौजा मुलुखगिरीस निघत त्याच सुमारचा हा सण. पण घरांत आलेलें सोनें दुसऱ्याच्या हातावर ठेवल्याशिवाय तो पुरा होत नाहीं. संक्रांतीला सुवासिनी वाण लुटतात, म्हणजे वाटतात. बोरन्हाणाच्या वेळीं बाळाच्या डोक्यावरून बोरें, चुरमुरे, उसाचे करवे ओततात आणि शेजारचीं मुलें तीं लुटतात. त्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं. आपण मौज लुटतों, आनंद लुटतों. हिरावून घेण्याचा शब्द आपल्या स्त्रियांनीं आणि मुलांनीं वाटून देण्याचा करून टाकला आहे, आणि कोणत्याहि इंग्रजी कोशांत हा अर्थ सांपडावयाचा नाहीं.

भाषा हीहि एक वाट आहे. शिक्रापुरावरून फौजा गेल्या तशाच यात्राहि गेल्या, लग्नाचीं वऱ्हाडें गेलीं, धान्याच्या गाड्या गेल्या. परका प्रवासी जें पाहतो तेवढेंच लिहून नेतो. त्यानें आपल्या शब्दाचा एकच अर्थ नेला म्हणून त्याच्यावर रुष्ट होण्याचें कारण नाहीं. परंतु उरलेले अर्थ आपल्यापाशीं आहेत, ते आपल्या घरांत चालते राहिले पाहिजेत. कारण ते राखणारा दुसरा कोणीहि नाहीं.